निकाल लागला, गुलाल उधळला. पण पालिका कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपरिषदेत नगरसेवक ३०. निकालात एका पक्षाला १२ जागा, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ५ आणि ४ अपक्ष. नगराध्यक्ष मात्र थेट मतदानातून ९ जागांवाल्या पक्षाचा निवडून आला. पहिले म्हणतात, सर्वांत मोठा पक्ष आम्ही. दुसरे म्हणतात, अख्ख्या शहराने कौल आम्हाला दिला. तिसरे म्हणतात, आमच्यावाचून दोघांचंही पान हलणार नाही. मिरवणूक तिघांनीही काढली. मग जिंकलं कोण, आणि पुढची पाच वर्षं कारभार कोणाच्या हातात?

मी पालिकेचा मुख्याधिकारी, म्हणजे प्रशासनाचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. वेगवेगळ्या पालिकांचे निकाल आणि त्यानंतरचे महिने टेबलाच्या या बाजूने पाहिलेत, त्या अनुभवावरून लिहितो. सोयीसाठी पक्षांना ‘बारा’, ‘नऊ’ आणि ‘पाच’ म्हणतो. नावं घातली की वाचणारा आकडे सोडून बाजू घेतो.

सरळ उत्तर: अजून कोणीच जिंकलेलं नाही. मतमोजणीच्या दिवशी माणसं निवडून येतात. पालिका कोणाची, हे त्यानंतरच्या महिनाभरात जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गटनोंदणीत, म्हणजे कोणता नगरसेवक कोणत्या गटात याच्या अधिकृत नोंदीत, ठरतं. पेपरात जागांचा तक्ता पहिल्या पानावर येतो आणि गटनोंदणीची बातमी आली तर आतल्या पानावर चार ओळींत. माझं मत विचाराल तर महत्त्व नेमकं उलटं द्यायला हवं.

आधी बेरीज नीट करून घेऊ. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष सभागृहाचा सदस्य असतो, त्याला मत असतं, आणि समसमान मतं पडली तर पीठासीन म्हणून निर्णायक मतही त्याचंच. म्हणजे सभागृह ३१ चं, बहुमत १६ चं. स्वीकृत सदस्य (मतदानातून न येता गटांच्या वाट्यातून नेमलेले) यात धरायचे नाहीत. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. आता बघा. ‘बारा’ला चारही अपक्ष मिळाले तरच १६ होतात, एकही इकडेतिकडे चालणार नाही. ‘नऊ’कडे नगराध्यक्ष धरून १० आहेत. ‘पाच’ सोबत आले की १५, आणि मग चारातला फक्त एक अपक्ष पुरतो. समजा ‘बारा’ने चौघांना गोळा केलं आणि सभेच्या दिवशी त्यातला एक ‘आजारी’ पडला, तर १५ विरुद्ध १५ होतं आणि निर्णायक मत पडतं ‘नऊ’च्या नगराध्यक्षाचं. एकूण, सर्वांत मोठा पक्षच सर्वांत अवघड जागी बसलाय. ‘बारा’ आणि ‘पाच’ एकत्र आले तर १७ होतात आणि सगळं गणित एका दमात सुटतं. म्हणूनच ‘पाच’चा भाव सगळ्यांत जास्त. त्यांची मिरवणूक सगळ्यांत छोटी निघाली असेल, पण अस्थानी नव्हती.

ही अशी रचना का झाली, त्याचं कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, यावर सरकारं सारखी मत बदलत आली. २००१ मध्ये थेट निवड आली, २००६ मध्ये गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली गेली. नगरसेवकांतून निवड व्हायची तेव्हा अध्यक्ष आणि बहुमत एकाच बाजूला असणं भागच होतं, निदान पहिल्या दिवशी तरी. थेट निवडीत मतदार एकाच दिवशी दोन वेगळे कौल देतो, आणि ते जुळतीलच असं नाही. २ डिसेंबर २०२५ ला, काही ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झालं आणि २१ डिसेंबरला सगळीकडची मतमोजणी एकत्र झाली. त्यात बऱ्याच शहरांत हेच घडलं.

आता मतांकडे येतो, कारण ‘शहराने कौल आम्हाला दिला’ हे वाक्य तपासल्याशिवाय सोडू नये.

नगरपरिषदेत साधारणपणे दोन सदस्यांचा प्रभाग असतो. मतदार अ जागेला एक, ब जागेला एक आणि नगराध्यक्षाला एक अशी तीन मतं देतो. (नगरपंचायतीत प्रभाग एकसदस्यीय, मुंबई महापालिकेतही, बाकी महापालिकांत बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा.) त्यामुळे पक्षांची मतं बेरजेने सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: ही मतं की माणसं? शहरात ४०,००० लोकांनी मतदान केलं तर नगरसेवकांसाठीची मतंच ८०,००० च्या आसपास होतात. कोणी ‘आम्हाला २५,००० मतं’ म्हणाला तर ती ८०,००० मधली आहेत, ४०,००० मधली नव्हेत.

दुसरं, प्रभागाचा तक्ता आडवा वाचायचा. एक नमुना देतो. आकडे मी बनवलेत, पण असा तक्ता कुठल्याही शहराच्या निकालात सापडेल. प्रभाग ७, मतदान ३,६००. अ जागेवर ‘बारा’ १,३१०, ‘नऊ’ १,१४०, ‘पाच’ ६२०, अपक्ष ४४०, नोटा ९०. ब जागेवर ‘बारा’ ८६०, ‘नऊ’ १,२२०, ‘पाच’ ५४०, अपक्ष ८७०, नोटा ११०. नगराध्यक्षासाठी याच प्रभागात ‘नऊ’ १,६५०, ‘बारा’ १,१०५, ‘पाच’ ७६०, नोटा ८५.

मतदार तेच, खोली तीच, दोन मिनिटांत तिन्ही बटणं दाबलेली. ‘बारा’ची मतं अ वरून ब वर येताना ४५० ने घसरली आणि अपक्षाची ४३० ने वाढली. असं दिसलं की समजायचं, ब मधला अपक्ष बहुधा ‘बारा’चाच बंडखोर, तिकीट कापलेला. तो स्वतः पडला, पण जाताना पक्षाची जागा घेऊन गेला. तिकडे ‘नऊ’च्या नगराध्यक्षाला स्वतःच्या नगरसेवकांपेक्षा चारशे-पाचशे मतं जास्त आहेत. ती पक्षाची नाहीत, त्या व्यक्तीची आहेत, किंवा समोरच्याविषयीच्या नाराजीची. प्रभागाप्रभागांत हा फरक असाच दिसला तर ‘शहराने आमच्या पक्षाला कौल दिला’ हे म्हणणं अर्धंच खरं. शहराने एका उमेदवाराला निवडलं आणि त्याच्या पॅनेलला बाजूला ठेवलं.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे. अ ची जागा ३६ टक्के मतांवर गेली आणि ब ची ३४ टक्क्यांवर. चौरंगी-पंचरंगी लढतीत हे नेहमीचंच. आपल्याकडे दुसरी फेरी नाही, ज्याला एक मत जास्त तो आला. म्हणून ‘पाच’सारख्या पक्षाच्या जागा मोजून त्याची ताकद कळत नाही. तो किती जागांवर दुसरा आला ते मोजा. दहा जागांवर दुसरा आला असेल तर पुढच्या वेळी तो पाचचा राहणार नाही. सगळीकडे तिसरा-चौथा असेल तर त्याच्या पाच जागा पाच माणसांच्या आहेत, आणि वाटाघाटीत ती पाच माणसं एकेकटी फुटू शकतात.

मतं समान पडली तर चिठ्ठी. २०१७ च्या मुंबई महापालिकेत प्रभाग २२० मध्ये शिवसेना आणि भाजपच्या उमेदवारांना सारखीच मतं पडली, चिठ्ठी भाजपची निघाली, आणि अंतिम तक्ता शिवसेना ८४, भाजप ८२ असा लागला. चिठ्ठी उलटी निघाली असती तर ८५ आणि ८१ झाला असता. नोटाबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण लोकांना लोकसभेचा नियम माहीत असतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेवर फेरनिवडणूक घ्यायची. वरच्या तक्त्यात तशी वेळ आलेली नाही, पुढे जाऊ.

आता गटनोंदणी. इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी मेख इथे आहे.

निवडून आलेल्या नगरसेवकांचे गट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवले जातात. पक्षाचा गट, त्याचा गटनेता, सदस्यांची नावं आणि सह्या. निवडणुकीआधी झालेली आघाडी असेल तर तिची तशी नोंद. निकाल अधिसूचित झाल्यापासून एका महिन्याच्या आत निवडणुकीनंतरची आघाडीही नोंदवता येते. अशी आघाडी एकदा नोंदली की महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ तिच्या सदस्यांना जणू ती निवडणुकीआधीचीच होती अशा रीतीने लागू होतो. म्हणजे गटनेत्याचा व्हीप (मत कोणाला द्यायचं याचा लेखी आदेश) मोडला तर नगरसेवकपद जाऊ शकतं. नगरपरिषदेत हा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे, महापालिकेत विभागीय आयुक्तांकडे.

अपक्षाची गोष्ट यात वेगळी आणि फार नाजूक. अपक्ष म्हणून निवडून आलेला माणूस नंतर एखाद्या पक्षात गेला तर तो अपात्र ठरतो. पण महिन्याच्या मुदतीत आघाडीच्या गटात नोंद केली तर चालतं. म्हणून ‘चारही अपक्षांचा आमच्या पक्षात प्रवेश’ असा फोटो पेपरात आला तरी त्यावर जाऊ नका. अनुभवी अपक्ष गळ्यात उपरणं घालून घेतो, फोटोला उभा राहतो आणि कागदावर सही करत नाही. सही केली की तो बांधला गेला. तोवर त्याला दोन्हीकडचे फोन येत राहतात. मुदतीचे शेवटचे तीन-चार दिवस म्हणूनच धामधुमीचे असतात, आणि ‘सहल’ नावाचा जो प्रकार असतो, नगरसेवकांना फोडाफोडीपासून दूर बाहेरगावी नेऊन ठेवायचा, तो याच दिवसांतला.

एका शहरात मी पाहिलेलं सांगतो. दोन आघाड्यांचे कागद एकाच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात आले आणि दोन्ही कागदांवर एकाच नगरसेविकेची सही होती. एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं. दोन्ही गटनेते शपथपत्रं घेऊन उभे. बाईंना समोर बोलावून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पहिली सही सत्काराच्या वहीवर केली म्हणून मला वाटलं. त्यांच्या यजमानांनी मात्र दोन्ही वेळा हजर राहून सही करून घेतली होती हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी कोणती सही आधीची, कोणती स्वखुशीची, यावर सुनावणी लागते, कोणीतरी उच्च न्यायालयात जातं, आणि उपाध्यक्षाची निवड त्या छायेत होते. तेव्हा आपल्या शहरातल्या आघाडीची बातमी आली की पहिला प्रश्न विचारा: सदस्य स्वतः हजर होते का, की नुसते कागद गेले?

चारातला कोणता अपक्ष कुठे जाईल याचाही अंदाज बांधता येतो. त्याने कोणाला पाडलं ते बघायचं. ‘बारा’च्या अधिकृत उमेदवाराला पाडून आलेला बंडखोर असेल तर दोन शक्यता. एक, पक्ष त्याला मोठ्या मनाने परत घेतो, कारण त्याची गरज आहे. दोन, पडलेला उमेदवार आणि त्याचा नेता आडवे येतात, कारण परत घेतला तर पुढच्या वेळी तिकीट त्याचंच. मी पाहिलंय त्यात दुसरी शक्यता पहिलीपेक्षा जास्त वेळा खरी ठरते. पक्षाचं हित आणि प्रभागातल्या भांडणाचं हित यात भांडण जिंकतं.

मोठा पक्ष म्हणजे सत्ता, या समजुतीला धक्का देणारी उदाहरणं महाराष्ट्रात भरपूर आहेत. सगळ्यांत बोलकं २०१८ चं अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) महापालिकेचं. ६८ जागा, शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४, बाकी इतर. महापौर झाला भाजपचा, तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाचा, आणि त्याला पाठिंबा दिला राष्ट्रवादीच्या नगरसेवकांनी, जे राज्यात भाजपच्या विरोधात होते. पक्षाने त्या १८ जणांना पक्षातून काढलं. पण ते नगरसेवक राहिलेच. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे: पक्षातून हकालपट्टी झाली म्हणून नगरसेवकपद जात नाही. ते जायला व्हीप मोडल्याचं प्रकरण कायद्याप्रमाणे सिद्ध व्हावं लागतं, आणि त्यासाठी व्हीप रीतसर बजावलेला असावा लागतो. स्थानिक नगरसेवक हे पक्षाच्या प्रदेश कार्यालयापेक्षा चांगलं ओळखून असतात.

भिवंडीत २०१७ साली काँग्रेसने ९० पैकी ४७ जागा मिळवल्या, म्हणजे स्वच्छ बहुमत. डिसेंबर २०१९ मध्ये महापौर निवडून आला कोणार्क विकास आघाडीचा, जिचे नगरसेवक होते ४. काँग्रेसचे १८ जण फुटले होते. जळगावात २०१८ ला भाजपचे ७५ पैकी ५७ आले. मार्च २०२१ मध्ये ऑनलाइन झालेल्या सभेत शिवसेनेच्या उमेदवाराला ४५ मतं पडली, भाजपच्या उमेदवाराला ३०. महापौराची मुदत अडीच वर्षांची असल्याने मध्ये एकदा दार उघडतं, आणि ५७ जणांनाही ते बंद ठेवता आलं नाही.

फूट कायदेशीर करायची तर संख्या लागते. दोन-तृतीयांश सदस्य एकत्र गेले तर ते विलीनीकरण धरलं जातं. २०१७ मध्ये मुंबईत मनसेचे ७ नगरसेवक होते. त्यांचं दोन-तृतीयांश म्हणजे ५. त्या ऑक्टोबरात ६ जण एकदम शिवसेनेत गेले. तुमच्या शहरात हेच गणित लावलं तर ‘पाच’मधून ४ जण एकत्र निघाले तर सुरक्षित, ३ निघाले तर धोक्यात. ‘नऊ’मधून ६ लागतात. ‘बारा’मधून ८. छोटा गट फोडायला सोपा तो यामुळे, आणि छोट्या गटाचा नेता रात्री झोपत नाही तोही यामुळे.

आता थेट नगराध्यक्ष असलेल्या शहराचं ताजं उदाहरण. डिसेंबर २०२५ च्या निकालात अंबरनाथला नगराध्यक्षपद भाजपकडे गेलं. नगरसेवकांत शिवसेना सर्वांत मोठी, २७. भाजप १४, काँग्रेस १२, राष्ट्रवादी ४. शिवसेना आणि भाजप राज्यात एकत्र सत्तेत. तरी भाजपने शिवसेनेला बाहेर ठेवण्यासाठी काँग्रेसच्या नगरसेवकांना घेऊन आघाडी केली. राज्यभर गदारोळ झाला, काँग्रेसने आपल्या १२ जणांना निलंबित केलं, आणि ते भाजपमध्ये गेले. त्यानंतर राष्ट्रवादीचे ४ जण शिवसेनेच्या बाजूला आल्याने पारडं परत फिरलं. अकोटमध्ये भाजप आणि एमआयएम एका विकास मंचात आल्याची बातमी त्याच दिवसांतली. मुंबईत बसलेल्यांना हे अजब वाटतं. पालिकेत काम केलेल्याला त्यात नवल वाटत नाही. तिथे भांडण विचारसरणीचं क्वचित असतं. पाण्याची टाकी कोणाच्या प्रभागात, विकास आराखड्यातला रस्ता कोणाच्या जमिनीवरून आणि मागच्या वेळी कोणी कोणाला पाडलं, यावर बाजू ठरतात. दोष द्यायचाच तर तो आघाडी केल्याचा देऊ नका. आघाडी कशासाठी केली हे लेखी न सांगितल्याचा द्या.

गटांचा आकार फक्त बहुमतासाठी लागत नाही. स्वीकृत सदस्य आणि विषय समित्या गटांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटल्या जातात, आणि इथे अपूर्णांकांचा खेळ चालतो. स्वीकृत सदस्य निवडून आलेल्यांच्या दहा टक्के किंवा ५, यांपैकी जी संख्या कमी ती. म्हणजे तुमच्याकडे ३. चौघा अपक्षांनी आपली वेगळी आघाडी नोंदवली असं धरू. ‘बारा’चा वाटा १.२, ‘नऊ’चा ०.९, ‘पाच’चा ०.५, अपक्षांचा ०.४. आधी पूर्णांक द्यायचे, मग मोठा अपूर्णांक बघायचा, या पद्धतीने तिन्ही पक्षांना एकेक जागा. आता चार अपक्ष ‘बारा’सोबत एका आघाडीत नोंदले असं समजा. आघाडीचा वाटा १.६, ‘नऊ’चा ०.९, ‘पाच’चा ०.५. निकाल: आघाडीला २, ‘नऊ’ला १, ‘पाच’ला शून्य. मतदाराने एकही मत बदललेलं नाही, तरी एका पक्षाचं एक आसन गेलं. ‘पाच’ने ते आसन पडलेल्या शहराध्यक्षाला कबूल केलेलं असेल तर त्या घरात त्या रात्री काय होतं ते मी सांगायला नको. कायद्याला स्वीकृत सदस्य म्हणून अनुभवी, जाणकार माणूस अपेक्षित आहे. बहुतेक ठिकाणी बसतो तो निवडणूक हरलेला, किंवा ज्याला माघार घ्यायला लावली तो.

विषय समित्यांचंही तसंच. बांधकाम आणि पाणीपुरवठा या दोन समित्यांचे सभापती कोण झाले ते बघा, बाकीच्यांची नावं नंतर वाचली तरी चालतील. वाटाघाटीत पहिल्या याच दोन मागितल्या जातात. महिला व बालकल्याण समिती मात्र शेवटी उरलेल्याला मिळते, पन्नास टक्के महिला नगरसेवक असलेल्या सभागृहातही. हे मला नोकरीत कायम खटकत आलं.

मग नगराध्यक्ष एका बाजूचा आणि बहुमत दुसऱ्या बाजूचं राहिलं तर काय? तो सहजासहजी हटत नाही. थेट निवडलेल्या अध्यक्षाला साध्या बहुमताने घरी पाठवता येत नाही. सभा तो बोलावतो, विषयपत्रिका त्याच्या हातून जाते, सभेचं कामकाज तो चालवतो, स्थायी समितीचा सभापती तोच. पण अंदाजपत्रक, मोठे खर्च, कर, निविदांना मंजुरी या सगळ्याला ठराव लागतो आणि ठरावाला माणसं लागतात. परिणामी पहिले सहा महिने दोन्ही बाजू एकमेकांची नाकेबंदी करतात. अध्यक्ष त्यांचे विषय पत्रिकेवर घेत नाही. बहुमतवाले अध्यक्षाचे विषय तहकूब करतात. नगरसेवक विशेष सभेची मागणी करतात, अध्यक्ष तारीख लांबवतो. इतिवृत्तात काय लिहायचं यावर भांडण होतं. कोणी ठरावाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली त्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. मधल्या मध्ये मुख्याधिकारी. त्याला दोन्हीकडून फोन येतात आणि दोन्हीकडे तो ‘समोरच्यांचा माणूस’ ठरतो.

सहा-आठ महिन्यांनी बहुतेक ठिकाणी तडजोड होते. कारण साधं आहे: प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातलं गटार आणि दिवे मंजूर करून घ्यायचे असतात, आणि ते अडून राहिले तर लोक पक्षाला नाही, त्याला विचारतात. तडजोडीचा कागद कुठेही नसतो. ती दिसते निधीच्या वाटपात. ज्या सभेत तीस-चाळीस विषय एकदम ‘सर्वानुमते मंजूर’ होतात, ती तडजोडीनंतरची पहिली सभा समजावी. अशा सभेची विषयपत्रिका जपून ठेवा. कोणत्या प्रभागाला किती कामं मिळाली ते बघितलं की कोण कोणासोबत आहे ते आपोआप कळतं.

तुमच्या प्रश्नातल्या शहरात माझा अंदाज विचाराल तर ‘नऊ’ आणि ‘पाच’ एकत्र येतील, उपाध्यक्षपद ‘पाच’ला जाईल आणि एखाद्या अपक्षाला पाणीपुरवठा समिती मिळेल. ‘बारा’ विरोधात बसतील, पण सगळे नाही. त्यांच्यातले दोघे-तिघे सभेला उशिरा येऊ लागतील. अंदाज चुकवू शकेल अशी एकच गोष्ट आहे: राज्याच्या पातळीवरून ‘बारा’ आणि ‘पाच’ यांना एकत्र बसण्याचा निरोप आला तर. तसा निरोप शहरात पोचतो, पाळला जाईलच असं नाही.

तोवर तुम्ही एवढं करा. निकाल राजपत्रात कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाला ते शोधा, त्यात एक महिना मिळवा, आणि त्या तारखेनंतर माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तीन गोष्टी मागा: नोंदणीकृत गट आणि आघाड्यांची सदस्यांच्या नावांसह यादी, प्रत्येक गटनेत्याचं नाव, आणि गटाविरुद्ध आलेल्या हरकती. सोबत उपाध्यक्ष निवडीच्या सभेचं इतिवृत्त पालिकेकडून घ्या. ते मतदान हात वर करून होतं, कोणी कोणाला मत दिलं ते नावानिशी लिहिलेलं असतं. या दोन कागदांवरची नावं शेजारी शेजारी ठेवा. जी नावं एका यादीत एकीकडे आणि दुसरीत दुसरीकडे दिसतील, त्यांच्यावर अनर्हतेचा अर्ज झालाय का ते विचारा. झाला नसेल, तर तो का झाला नाही हे त्यांच्या गटनेत्यालाच विचारायचं.